युद्धात पकडल्या गेलेल्या खलाशाचा माग कसा काढावा: नावापासून नको, जहाजापासून सुरुवात करा

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत एक वाक्य तीन पिढ्या टिकून आहे: "आजोबा बोटीवर होते, लढाईत जर्मनांनी धरलं." त्यापुढे कुणालाच काही सांगता येत नाही. कुठली बोट, कुठे धरलं, सुटले कसे, की सुटलेच नाहीत? दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक प्रकरणांत या प्रश्नांची उत्तरं आजही मिळू शकतात, कारण जहाज बुडणं किंवा पकडलं जाणं ही गोष्ट विमा, नौदल आणि जहाज कंपनी अशा तिन्ही ठिकाणी नोंदली जाई.

शोध अडतो तो एका साध्या चुकीने. लोक संगणकावर पहिल्यांदा आजोबांचं नाव टाकतात. मुंबईत भरती झालेल्या खलाशाचं नाव हा या सगळ्या कागदांतला सर्वांत कच्चा धागा आहे. आडनाव बहुधा लिहिलेलंच नसे. स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि फार तर गाव, तेही कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत. अब्दुल रहमान इब्राहिम नावाचे खलाशी एकाच वर्षी दहा जहाजांवर सापडतील. जहाजाला मात्र एक अधिकृत क्रमांक असतो आणि तो बदलत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: घरातले कागद, मग जहाज, मग तारखा, आणि नाव सगळ्यात शेवटी.

घरातल्या पेटीत काय शोधायचं

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे सीडीसी, जुने खलाशी जिला नली म्हणत ते नोकरीचं पुस्तक. त्यात दर सफरीची एक ओळ असते: जहाजाचं नाव, अधिकृत क्रमांक, टनेज, कामावर चढल्याची तारीख आणि बंदर, उतरल्याची तारीख आणि बंदर, हुद्दा, आणि शेवटी वर्तणुकीचा शिक्का. उतरल्याच्या रकान्यात बंदराऐवजी 'अ‍ॅट सी' असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा. ते जहाज परत आलेलं नाही, आणि ती तारीख बहुधा ते गेल्याची आहे. १९४० ते १९४५ मध्ये दिलेलं नवं पुस्तक, त्यावर 'डुप्लिकेट' असं लिहिलेलं, हाही तितकाच मोठा पुरावा असतो: पहिलं पुस्तक जहाजाबरोबर तळाला गेलं असण्याची शक्यता आहे. असं पुस्तक हाती आलं तर त्याआधीच्या सहा-आठ महिन्यांत बुडालेली जहाजं तपासायला घ्या.

पुस्तक नसेल तर मनिऑर्डरीची कुपनं बघा. खलाशी पगारातला ठरावीक भाग घरी लावून देत असे आणि कंपनीच्या मुंबईच्या एजंटाकडून तो गावी येई. कुपनावर मॅकिनन मॅकेन्झी असं नाव असेल तर जहाज पी अँड ओ किंवा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनचं असण्याची दाट शक्यता, कारण मुंबईत या दोन्ही कंपन्यांचा कारभार तेच पाहत. हजारो जहाजांची यादी अशी एका फटक्यात शेकड्यांवर येते.

तिसरी वस्तू म्हणजे कैदेतून आलेलं पोस्टकार्ड. ते पुढच्या बाजूने नीट वाचा. वर छापील 'क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट' म्हणजे युद्धकैद्याची डाक. खाली छावणीचं नाव आणि कैद्याचा क्रमांक. शिवाय 'गेप्रूफ्ट' असा जर्मन तपासनिसाचा शिक्का आणि वर ब्रिटिश किंवा हिंदुस्थानी सेन्सॉरची चिठ्ठी किंवा शिक्का. मजकुरात "मी खुशाल आहे" यापलीकडे काही नसतं, ते साहजिक आहे. शोधासाठी लागणारं सगळं शिक्क्यांत आणि क्रमांकात असतं. दोन्ही बाजूंचा स्कॅन सहाशे डीपीआयला काढा, पेन्सिलीच्या खुणांसकट. आणि लॅमिनेशन करू नका. त्याने कागद कायमचा खराब होतो आणि शाईचा फिका शिक्का पुढे कुठल्याच उजेडात वाचता येत नाही.

यातलं काहीच नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून विचारा, पण "कोणती बोट?" असं थेट विचारू नका. ते उत्तर काळाच्या ओघात बदललेलं असतं. हुद्दा विचारा: सारंग, टंडेल, सुकाणी, कसब, खलाशी, टोपास, आगवाला, कोळसावाला, भंडारी, बटलर? घरी बातमी आली तेव्हा पाऊस होता का, भात लावणी झाली होती का, कुठला सण जवळ होता, रमजान होता का? ऋतू कळला की महिना दोन-तीनांवर येतो. मुंबईच्या जहाजांवर डेकवर रत्नागिरी-जंजिऱ्याची माणसं आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणघर-केबिनच्या कामावर, गोव्याची माणसं असा जुना रिवाज होता. त्यामुळे हुद्दा आणि गाव यांचा मेळ बसतो का ते पाहा. गोव्याचे आजोबा आगवाला होते असं कुणी सांगितलं तर ते अशक्य नाही, पण आणखी एका कागदाने पडताळून घ्या.

जहाज गेलं त्या दिवशी माणूस गेला असं धरू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या. पकडलेल्या खलाशाच्या बाबतीत कमीत कमी तीन वेगळ्या तारखा असतात: जहाज पकडल्याची, जहाज बुडवल्याची, आणि माणूस सुटल्याची किंवा गेल्याची. मधल्या काळात तो शत्रूच्या दुसऱ्याच जहाजावर असतो.

हन्ट्समन हे हॅरिसन लाइनचं जहाज घ्या. कलकत्त्याहून इंग्लंडला निघालेलं. १० ऑक्टोबर १९३९ ला ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेने ते पकडलं, १७ ऑक्टोबरला बुडवलं. त्यावरची माणसं, हिंदी खलाशांसकट, आल्टमार्क या पुरवठा जहाजाच्या तळघरात गेली. डिसेंबरमध्ये ग्राफ श्पे मोंतेव्हिदेओपाशी संपली, पण आल्टमार्क कैद्यांना घेऊन उत्तरेकडे जर्मनीच्या वाटेला लागलं. १६ फेब्रुवारी १९४० च्या रात्री नॉर्वेच्या योसिंगफियोर्डमध्ये एचएमएस कॉसॅक या ब्रिटिश युद्धनौकेची माणसं त्यावर चढली आणि २९९ कैदी सोडवले. दुसऱ्या दिवशी ते स्कॉटलंडमध्ये लीथ बंदराला लागले. घरच्यांनी "ऑक्टोबर १९३९, हन्ट्समन बुडालं" एवढंच शोधलं तर त्यांना वाटेल की माणूस बुडाला. तो चार महिन्यांनी लीथला धक्क्यावर उतरलेला असतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. क्लॅन ब्युकॅनन २८ एप्रिल १९४१ ला हिंदी महासागरात पिंग्विन या जर्मन रेडरने, म्हणजे साध्या व्यापारी जहाजाचं सोंग घेतलेल्या सशस्त्र जहाजाने, बुडवलं, माणसं जिवंत धरली. ८ मे रोजी सेशेल्सच्या उत्तरेला एचएमएस कॉर्नवॉलने पिंग्विनच बुडवली. तिच्या पोटात दोनशेहून अधिक कैदी होते, बहुतेक हिंदी खलाशी. वाचले २२. तसंच तिरान्ना. अटलांटिस या रेडरने जुलै १९४० मध्ये सिटी ऑफ बगदाद आणि केमेंडाइन ही जहाजं बुडवली आणि कैदी तिरान्ना या पकडलेल्या नॉर्वेजियन जहाजावर चढवून फ्रान्सकडे पाठवले. २२ सप्टेंबरला जिरोंदच्या मुखाजवळ, किनारा दिसू लागल्यावर, एचएमएस ट्यूना या ब्रिटिश पाणबुडीने ते बुडवलं. आत आपलीच माणसं आहेत हे पाणबुडीला कळायला मार्ग नव्हता. या दोन्ही प्रकरणांत मृत्यूची तारीख शोधायची ती कैदी ज्या जहाजावर होते त्या जहाजाच्या शेवटाची.

म्हणून जहाज सापडलं की लगेच दोन गोष्टी लिहून काढा: कोणी पकडलं, आणि कैदी कोणत्या जहाजावर हलवले. जर्मन रेडर मोजके होते: अटलांटिस, पिंग्विन, ओरियन, विडर, थोर, कोमेट, कोर्मोरान, मिखेल, श्टीर. प्रत्येकाने घेतलेल्या जहाजांच्या तारीखवार याद्या सहज मिळतात. सगळे कैदी जर्मनीला गेले नाहीत, हेही ध्यानात ठेवा. अटलांटिसचे काही कैदी दुर्मितोर या युगोस्लाव्ह जहाजावरून इटालियन सोमालीलँडमध्ये उतरवले गेले आणि १९४१ च्या सुरुवातीला ब्रिटिश फौजा तिथे पोचल्यावर सुटले.

जपान्यांच्या हाती सापडलेल्यांचा शोध वेगळ्या वाटेने जातो आणि तो जड जातो. बेहार हे जहाज ९ मार्च १९४४ ला जपानी क्रूझर तोनेने बुडवलं, माणसं उचलली, आणि काही दिवसांनी त्यातल्या साठहून अधिक जणांना डेकवर मारलं. थोड्यांना बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, उतरवण्यात आलं होतं. यावर १९४७ मध्ये हाँगकाँगला खटला चालला. हाँगकाँग विद्यापीठाच्या युद्धगुन्हे खटल्यांच्या संकेतस्थळावर त्याची माहिती मोफत वाचता येते, आणि मूळ कागद लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ २३५ या फायलींच्या मालिकेत आहेत. घरातल्या लहानांसमोर उघडण्याआधी स्वतः एकदा वाचून घ्या.

आणि पकडलेच गेले नाहीत, नुसते समुद्रात सापडले, असंही असतं. मुंबईहून २० नोव्हेंबर १९४२ ला पूर्व आफ्रिकेकडे निघालेलं तिलावा २३ तारखेला जपानी पाणबुडीने बुडवलं. २८० माणसं गेली. २५ तारखेला एचएमएस बर्मिंगहॅमने ६७४ जणांना उचललं आणि २७ ला मुंबईत आणलं. अटलांटिकमध्ये सिटी ऑफ बेनारेसची बारा नंबरची लाइफबोट आठ दिवस भरकटली. एका सुंदरलँड विमानाला ती दिसली आणि २५ सप्टेंबर १९४० ला एचएमएस अँथनीने तिच्यातले ४६ जण उचलले. त्यात निम्म्याहून जास्त हिंदी खलाशी होते. "आठ दिवस पाण्यात होते" अशी आठवण घरात असेल तर ती कैदेची नाही, लाइफबोटीची आहे. घरच्या गोष्टीत या दोन्ही आठवणी हटकून एकमेकींत मिसळतात.

लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधले कागद, हव्या त्या क्रमाने

जहाजाचा अधिकृत क्रमांक मर्कंटाइल नेव्ही लिस्ट या ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या यादीत किंवा क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर नावावरून मिळतो. एकाच नावाची दोन जहाजं असतील तर बांधणीचं वर्ष आणि टनेज जुळवून घ्या. लॉइड्स रजिस्टरची युद्धकाळातली पानं यासाठी ऑनलाइन आहेत. पाणबुडीने बुडवलेलं जहाज असेल तर यूबोट डॉट नेटवर तारीख, जागा, सुटकेची हकिगत आणि मिळतील तेवढी नावं आहेत.

क्रमांक हातात आला की लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जची सूची उघडा. पुढचे संकेत इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

बीटी ३८९ मध्ये जहाजांच्या हालचालींची कार्डं आहेत. ती सर्वांत आधी घ्या, कारण स्वस्तात सगळ्यात जास्त कळतं: कोणतं बंदर, कोणती तारीख, आणि शेवटी जहाज बुडालं की पकडलं गेलं.

बीटी ३७३ ही व्यापारी खलाशांच्या युद्धकैदेची मालिका. तिचे दोन भाग कामाचे आहेत. पहिला जहाजांच्या नावांनी लावलेला, त्यात पकडल्याची हकिगत आणि खलाशांच्या याद्या. दुसरा माणसांच्या नावांनी, एकेकाचं पाकीट. आधी जहाजाचं पाकीट मागवा. त्यातल्या यादीत नाव नेमकं कसं लिहिलंय ते कळलं की मग माणसाचं पाकीट त्याच स्पेलिंगने शोधा. उलट क्रमाने गेलात तर "सापडत नाही" हेच उत्तर येईल.

बीटी ३८१ मध्ये १९३९ ते १९४५ चे क्रू करार अधिकृत क्रमांकानुसार लावलेले आहेत. इथे एक अडचण कायम येते. हिंदी खलाशांचा करार वेगळा असे, मुंबई किंवा कलकत्त्यात उघडलेला, आणि तो गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कराराबरोबर नेहमी सापडत नाही. पेटीत फक्त कॅप्टन आणि इंजिनियरांची यादी निघाली तर निराश होऊ नका, त्याच क्रमांकाच्या आधीच्या आणि नंतरच्या पेट्याही मागवा. १९४१ नंतरच्या नोकरीसाठी बीटी ३८२ आहे. त्यात आशियाई खलाशांचा विभाग स्वतंत्र आहे, तोच निवडा.

एडीएम १९९ मधल्या २१३० ते २१४८ या फायली म्हणजे वाचलेल्यांच्या जबान्या. बोलणारा बहुधा कॅप्टन किंवा चीफ ऑफिसर असतो आणि खलाशांची नावं क्वचितच येतात. पण सारंग कोणत्या बोटीत होता, कोणती बोट कधी नजरेआड झाली, पाणी किती उरलं होतं हे त्यात असतं. कुटुंबाला आयुष्यभर पडलेला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो.

क्यूला जाता येत नसेल तर पैसे भरून पानं तपासून घेता येतात. लंडनमध्ये नातेवाईक असेल तर त्याला रीडर्स तिकीट काढून पाठवणं अधिक बरं. तिकीट मोफत आहे, फोटो काढायला परवानगी आहे, आणि एका दिवसात तीन-चार पेट्या बघून होतात.

छावणी

जर्मनीत पोचलेला व्यापारी खलाशी बहुतांश मिलाग नोर्डला गेला. ब्रेमेनच्या ईशान्येला वेस्टर्टिम्के गावापाशी ही छावणी होती, आणि तिच्यात हिंदी खलाशांसाठी वेगळा भाग होता. तिथे हलवण्याआधी बरेचसे झांडबोस्टेलच्या श्टालाग दहा-बी मध्ये होते, त्यामुळे एकाच माणसाच्या पोस्टकार्डांवर दोन नावं दिसली तर गोंधळू नका. एप्रिल १९४५ च्या अखेरीस ब्रिटिश फौजांनी छावणी सोडवली. छावणीला भेट दिलेल्या निरीक्षकांचे अहवाल क्यूमध्ये डब्ल्यूओ २२४ मध्ये आहेत. जेवण, कपडे, दवाखाना अशी रोजची माहिती त्यात मिळते.

वैयक्तिक नोंदीसाठी जिनिव्हाच्या रेड क्रॉसच्या अभिलेखागाराकडे अर्ज करावा लागतो. पहिल्या महायुद्धाची कार्डं त्यांनी सर्वांसाठी ऑनलाइन ठेवली आहेत, दुसऱ्याची नाहीत. अर्ज वर्षातल्या ठरावीक काळातच आणि मर्यादित संख्येने घेतात, म्हणून तारीख आधी बघून ठेवा. अर्जात नाव एकाच स्पेलिंगने देऊ नका. बापाचं नाव, गाव, जन्मवर्षाचा अंदाज, जहाज, पकडल्याची तारीख आणि असेल तर कैदी क्रमांक, एवढं दिलंत तरच उत्तर कामाचं येतं.

आता नाव

जहाजाची यादी समोर असताना नाव शोधणं सोपं जातं. मोठ्याने वाचा. इब्राहिमचा 'ई' ने सुरू होणारा एब्राहिम होतो, उस्मानचा दोन 'ओ' वाला ऊस्मान, हसनचा हुसन. वेंगुर्ल्याचं व्हिंगोर्ला होतं. आडनावाच्या जागी बापाचं नाव असेल हे धरूनच चला. गोव्याच्या माणसांचं आडनाव असतं, पण डिसोझा आणि फर्नांडिस यांची गर्दी इतकी की गाव आणि हुद्दा जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. शिवाय गोवा तेव्हा पोर्तुगालचा होता, त्यामुळे राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात कधी पोर्तुगीज, कधी हिंदी असं असतं. दोन्ही तपासा.

गेलेल्यांची नोंद

शत्रूच्या कारवाईत गेलेल्या हिंदी खलाशांची नावं लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर शोधू नका. ती मुंबई-चितगाव स्मारकाच्या नोंदवहीत आहेत: सहा हजारांहून अधिक नावं, एकसारख्या दोन प्रती. एक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये, दुसरी चितगावच्या युद्ध कब्रस्तानात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर हीच नोंद शोधता येते. नावाचा रकाना रिकामा ठेवा, जहाजाचं नाव टाका, सेवा म्हणून मर्चंट नेव्ही निवडा, सगळी यादी उतरवून घ्या आणि मृत्यूच्या तारखेने लावा. एकाच जहाजाच्या माणसांपुढे दोन-तीन वेगवेगळ्या तारखा दिसल्या तर ती टायपिंगची चूक समजू नका. काही जण जहाजाबरोबर गेले, काही बोटीत, काही कैदेत, असं असू शकतं.

मुंबईत आणखी दोन दारं ठोठवा. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार, आणि गोव्याच्या माणसांसाठी धोबीतलावचे कूड. प्रत्येक गावाचा वेगळा कूड, खलाशी जहाजांच्या मधल्या काळात तिथेच राहत. जुन्या सभासदांच्या वह्या जिथे टिकल्या आहेत तिथे नाव, गाव आणि वर्ष एकत्र मिळतं. गावाकडे जमातीचं किंवा चर्चचं दफ्तर बघा. मृतदेह नसला तरी प्रार्थनेची तारीख लिहिलेली असते, आणि ती बातमी गावात पोचल्याची तारीख असते, मृत्यूची नव्हे. दोहोंत कित्येक महिन्यांचं अंतर असू शकतं.

माणूस शत्रूच्या कारवाईत किंवा कैदेत गेल्याचं सिद्ध होतंय, पण कमिशनच्या यादीत नाव नाही, असं झालं तर नाव घालण्यासाठी अर्ज करता येतो. बोटीवर नेहमीच्या आजाराने गेलेल्यांना हा नियम लागू होत नाही, म्हणून मृत्यूचं कारण दाखवणारा कागद सगळ्यात वर ठेवा. त्यासोबत सीडीसीची पानं, बीटी ३७३ मधली जहाजाची यादी आणि नातं दाखवणारा दाखला जोडा. सगळ्याच्या प्रती पाठवा. मूळ पुस्तक पोस्टात टाकू नका.